दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे!

दिवाळी झाली की झाडीपट्टीचा हंगाम सुरू होतो. वडशाहून नाटक कंपन्या गावोगाव निघतात आणि रात्रभराचं नाटक कुणी ना कुणी मोबाइलवर शूट करतोच. ते शूटिंग, कॉलेजचे प्रोजेक्ट, ताईच्या लग्नाचा व्हिडिओ, आजीनं म्हटलेलं गोंडी गाणं, सगळं शेवटी घरच्या एका कॉम्प्युटरवर येऊन पडतं. मग एक दिवस डिस्क फुल होते आणि घरातले सगळे तुमच्याकडे बघतात. घरातले 'कॉम्प्युटरवाले' तुम्हीच ना!

काही घरांत दोन डिस्क 'मिरर' करून लावलेल्या असतात. एकीवर जे लिहिलं जातं, तेच दुसरीवरही. यालाच रेड-१ म्हणतात. पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या बर्कलीच्या तिघांनी १९८८ मध्ये लिहिलेल्या शोधनिबंधामुळे 'रेड' हे नाव रुळलं. एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही, हा तिचा फायदा. पण राजेहो, मिरर म्हणजे बॅकअप नव्हे! चुकून फोल्डर डिलीट झालं, तर दोन्हीकडून जातं. व्हायरस आला, तर दोन्हीकडे येतो. वीज कडाडली, तर एकाच कॅबिनेटमधल्या दोन्ही डिस्क एकदमच जाऊ शकतात.

म्हणून मोठ्या डिस्क टाकताना घाई नको. आधी सगळा डेटा बाहेरच्या वेगळ्या डिस्कवर घ्या आणि चार-दोन फाइल उघडून बघा. मग सिरियल नंबर तपासून एकच जुनी डिस्क काढा, मोठी लावा, सिंक होऊ द्या. १ टीबीला साधारण दोन-तीन तास, काम सुरू असेल तर जास्तच. तेवढा वेळ मिररचा सगळा भार एकाच जुन्या, थकलेल्या डिस्कवर असतो. सिंक पूर्ण झालं की मगच दुसरी बदला. दोन्ही बदलूनही जागा जुनीच दिसेल. घाबरू नका. आधी मिररचं, मग पार्टिशन आणि फाइल सिस्टमचं माप वाढवावं लागतं. तुमच्या सिस्टममध्ये ती सोय नसेल, तर नवी जोडी बनवून बॅकअपमधून डेटा परत भरा. २ टीबीच्या वरच्या डिस्कला जुनी एमबीआर पद्धत पुरत नाही, जीपीटी लागते.

चंद्रपुरात २,९२० मेगावॅटचं वीज केंद्र आहे म्हणून लाइट जाणार नाही, असं समजू नका. फांदी तारेवर पडली की गेली! सिंकच्या वेळी यूपीएस हवाच. आणि हे काम मे महिन्यात नकोच. पारा ४५ च्या वर गेला की बंद कॅबिनेटमध्ये डिस्क तापायला वेळ लागत नाही.

काढलेली डिस्क चांगली असेल तर भंगारात देऊ नका. त्यावर एक कॉपी ठेवा आणि ती मामाच्या गावी, दुसऱ्या घरी राहू द्या.

झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, त्याचा आपल्याला अभिमान वाटला. पण पडदा पडल्यावर नाटकाचं रेकॉर्डिंगच तेवढं उरतं. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांवर होते. तुमच्या आजीचा आवाज मात्र एकच आहे. त्याच्या तीन कॉपी असायला काय हरकत आहे? या रविवारी तेवढं कराच.