कोंब उजेडाकडे का वाकतो?

नवरात्रातले घटाचे धान तुम्ही दरवर्षी पाहता. देवघरातल्या अंधारात गव्हाचे कोंब पिवळसर, लांबसडक वाढतात आणि सारे एकाच बाजूला, दाराच्या उजेडाकडे झुकतात. ‘रोप उजेडाकडे जायचेच’ असे म्हणून आपण कामाला लागतो.

इंग्लंडात चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी मात्र पुढे विचारले, वाकतो तो कोंबाचा खालचा भाग. पण उजेड कळतो कुणाला? त्यांनी गवताच्या काही कोंबांच्या टोकांवर टोप्या घातल्या. ते सरळच वाढले. टोक उघडे ठेवून खालचा भाग झाकला, तर कोंब वाकला! म्हणजे उजेड टोकाला कळतो आणि तिथून काही निरोप खाली जातो. हे त्यांनी १८८० साली पुस्तकात मांडले.

तो निरोप कसला, हे हॉलंडच्या फ्रिट्स वेंट यांनी १९२८ साली जगापुढे ठेवले. ओटाच्या कोंबांची टोके कापून त्यांनी खरवसासारख्या मऊ वडीवर ठेवली. मग ती वडी बिनटोकाच्या कोंबावर एका कडेला बसवली. अंधारातही कोंब दुसऱ्या बाजूला वाकला! टोकातले द्रव्य वडीत उतरले होते. त्याला ‘ऑक्झिन’ म्हणतात. ते सावलीच्या बाजूला अधिक जाते, ती बाजू जास्त वाढते, म्हणून कोंब उजेडाकडे झुकतो. रोपाची वाढ अशा संप्रेरकांच्या हुकमाने चालते, हा मोठा सिद्धांत यातूनच उभा राहिला.

आपल्या शेतात तो पंपातून येतो. २,४-डी हे तणनाशक म्हणजे ऑक्झिनची नक्कल. गहू-ज्वारी ते सोसतात. रुंद पानांचे तण वेडेवाकडे वाढून मरते. पण कपाशीला ते मुळीच सोसत नाही. वाऱ्यावर उडालेल्या थोड्या तुषारांनीही शेजाऱ्याची कपाशी आकसते. एका फवारणीने वर्षाचे पीक जाते आणि बांधाला बांध असलेल्या दोन घरांत वैर येते. म्हणून वाऱ्यात हे फवारू नका आणि त्याचा पंप कपाशीला लावू नका.

आणि पोराने ‘असे का?’ विचारले, तर गप्प बसवू नका. डब्यात गहू पेरून अंधारात उगवू द्या. कोंब पेराएवढे झाले, की निम्म्यांना चांदीच्या कागदाच्या टोप्या घाला. वर खोके पालथे घालून एका बाजूला भोक पाडा. दुसऱ्या दिवशी त्याचे उत्तर त्यालाच दिसेल.