तिकीट जनतेचं, मैल साहेबांचे! हिशोब कोण देणार?

राजेहो, पोस्ट लांब आहे. पण पैसा तुमचा-माझा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

आजकाल मोबाईल उघडला की रील येते: "मैल वापरा, बिझनेस क्लासमध्ये बसा, तेही इकॉनॉमीच्या भावात!" चकचकीत खुर्ची, हातात सरबत, पाय लांब पसरलेले. आपल्या मुकुटबनची पोरंही हे स्टेटसला ठेवतात. ठेवू द्या. स्वतःच्या खिशातून तिकीट काढणाऱ्यानं मैल साठवावेत आणि राजासारखं बसून जावं. त्याच्याशी आपलं काही भांडण नाही.

भांडण वेगळं आहे. या देशात विमानानं सगळ्यात जास्त फिरणाऱ्यांत मंत्री, खासदार, सचिव आणि सरकारी कंपन्यांचे साहेब लोक येतात. त्यांचं तिकीट आपण काढतो. मग त्या तिकिटावर मिळणारे मैल कोणाचे?

आधी हे मैल प्रकरण काय ते सांगतो. विमान कंपनी नेहमीच्या प्रवाशाला दर प्रवासामागे गुण देते. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सनं ही योजना आणली आणि पाहता पाहता जगभरच्या कंपन्यांनी ती उचलली. सुरुवातीला किती मैल उडालात त्यावर गुण मिळायचे, म्हणून नाव पडलं मैल. आता बऱ्याच कंपन्या तुम्ही किती रुपये मोजले ते पाहून गुण देतात. एअर इंडियाची योजना आधी 'फ्लाइंग रिटर्न्स' होती, आता 'महाराजा क्लब' आहे. इंडिगोची 'ब्ल्यूचिप' आहे. गुण साठले की त्यातून तिकीट निघतं. मूळ भाडं गुणांतून वळतं होतं, खिशातून फक्त कर आणि शुल्क भरायचं. नाहीतर इकॉनॉमीचं तिकीट गुण मोजून बिझनेसचं करून घ्यायचं. म्हणजे मैल हे एका परीनं पैसेच आहेत, फक्त ते कंपनीच्या वहीत जमा असतात.

आता खरी मेख. हे गुण जमा होतात प्रवास करणाऱ्याच्या नावावर. तिकिटाचे पैसे कोणी भरले, याच्याशी कंपनीला देणंघेणं नसतं.

आपल्या गावच्या भाषेत सांगतो. सिमेंट आपल्याला नवीन नाही. मुकुटबनचा कारखाना २०२२ साली सुरू झाला, वर्षाला ३९ लाख टन क्षमतेचा. समजा, सरपंचानं ग्रामपंचायतीच्या पैशातून नालीच्या कामासाठी दोनशे गोण्या घेतल्या, आणि डीलरनं स्कीममध्ये एक शिलाई मशीन फुकट दिली. ती मशीन सरपंचाच्या घरी गेली, तर पुढच्या ग्रामसभेत काय होईल? खुर्च्या उडतील. कारण लहान पोरालाही कळतं, की पैसा गावचा तर मशीनही गावची. हाच हिशोब मुंबई-दिल्लीत गेला की आपण एवढे समजूतदार काहून होतो?

कोणी म्हणेल, सरकारला हे माहीतच नसेल. माहीत आहे! केंद्राच्या अर्थ मंत्रालयाच्या २०१० च्या सूचनांमध्ये हे साफ लिहिलेलं आहे: सरकारी कामाच्या तिकिटावर मिळालेले मैल त्या खात्यानं पुढच्या सरकारी प्रवासासाठीच वापरायचे. अधिकाऱ्यानं ते खाजगी प्रवासाला वापरले तर खात्यामार्फत कारवाई. कारणही दिलंय, की सरकारी पैशातून झालेल्या प्रवासाचा फायदा सरकारलाच मिळाला पाहिजे. वा! नियम एक नंबर. पण तो पाळला जातो हे जनतेला दिसतं कुठं? कुठल्या खात्याच्या दारावर कोणी फलक पाहिलाय, की यंदा इतके मैल जमले, त्यातून इतकी तिकिटं निघाली, तिजोरीचे इतके रुपये वाचले? घरकुलाच्या लाभार्थ्याचं नाव, रक्कम, घराचा फोटो सगळं ऑनलाइन दिसतं. रोजगार हमीच्या मजुराची हजेरी ऑनलाइन दिसते. साहेबांचे मैल तेवढे गुप्त.

त्यात मागची बारा वर्षं आठवा. २००९ ते २०२१ या काळात सरकारी कामासाठी उडायचं तर एअर इंडियानंच, असा दंडक होता. म्हणजे पैसा सरकारचा, कंपनी सरकारची, प्रवासी सरकारचा. नियम पाळायला याहून सोपी जागा कोणती? सगळी माहिती एकाच घरात होती. मग २७ जानेवारी २०२२ ला एअर इंडिया टाटांकडे गेली. १८,००० कोटींच्या व्यवहारावर रकानेच्या रकाने छापून आले. त्या बारा वर्षांत सरकारी तिकिटांवर जमलेल्या मैलांचं काय झालं, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही.

आता जरा कोण कसा प्रवास करतो ते पाहू.

केंद्राच्या नियमानं पगारस्तर १४ आणि त्यावरच्या अधिकाऱ्याला देशांतर्गत दौऱ्यावर बिझनेस क्लासचा हक्क आहे. खासदाराला वर्षाला ३४ एकेरी विमानप्रवास मिळतात. अधिवेशन आणि समितीच्या बैठकांचा प्रवास त्याहून वेगळा. ठीक आहे. काम आहे, फिरावं लागतं.

दुसरीकडे झरी जामणी तालुक्यातल्या एखाद्या कोलाम पोडावरचा माणूस घ्या, ज्याला डॉक्टरनं कॅन्सर सांगितलाय. मुकुटबनहून वणी, वणीहून चंद्रपूर, नाहीतर यवतमाळ, सेवाग्राम, नागपूर, आणि तिथून कधी परळचं टाटा हॉस्पिटल. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचाराचा खर्च निघतो, ही चांगलीच गोष्ट. पण त्या पॅकेजात प्रवासाचं काय? दवाखान्यातून घरी परत जायचं एसटीचं किंवा रेल्वेच्या सेकंड क्लासचं भाडं. बस्स. रेल्वे कॅन्सरच्या पेशंटला स्लीपरमध्ये आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत देते, तिला सलाम. पण रिझर्वेशन मिळालं पाहिजे ना! केमो घेतलेला माणूस नागपूर-मुंबईचे बारा-पंधरा तास ओकाऱ्या काढत जातो. विमानानं तोच रस्ता दीड तासाचा आहे.

म्हणजे ज्याचं अंग धड आहे, त्याला पाय पसरायची खुर्ची, वरून मैलांचं बक्षीस. आणि ज्याला बसवत नाही, त्याला सेकंड क्लासचं परतीचं भाडं. पैसा मात्र दोघांच्याही नावानं एकाच तिजोरीतून जातो, आणि त्या तिजोरीत तो पोडावरचा माणूसही भर घालतो. मोबाईल रिचार्जवर तो १८ टक्के जीएसटी भरतो. सिमेंटचं ऐका. सप्टेंबर २०२५ पर्यंत सिमेंटच्या गोणीवर २८ टक्के जीएसटी होता आणि बिझनेस क्लासच्या तिकिटावर १२ टक्के! घरकुल बांधणाऱ्याला २८, पाय पसरून उडणाऱ्याला १२. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्हीवर १८ झाला. आठ वर्षं मात्र हे असंच चाललं.

खुर्चीचा हा माज आपण आधीही पाहिलाय. २००९ मध्ये सरकारनं काटकसरीची हाक दिली, तेव्हा परराष्ट्र राज्यमंत्री शशी थरूर यांनी ट्विटरवर इकॉनॉमीला जनावरांचा वर्ग म्हटलं आणि देशभर गदारोळ झाला. २०१७ च्या मार्चमध्ये आपल्याच महाराष्ट्राचे, उस्मानाबादचे तेव्हाचे खासदार रवींद्र गायकवाड पुण्याहून दिल्लीला गेले. तिकीट बिझनेसचं, पण त्या विमानात बिझनेस क्लासच नव्हता. दिल्लीत उतरल्यावर त्यांनी एअर इंडियाच्या कर्मचाऱ्याला चपलेनं मारलं, आणि कॅमेऱ्यासमोर तसं सांगितलंही. एका रुंद खुर्चीसाठी! ज्यांना वणीच्या एसटीत दारात लटकून जावं लागतं, त्यांनी कोणाला मारायचं मग?

आता बाहेर पहा. २००२ साली जर्मनीत वर्तमानपत्रानं उघड केलं, की संसदेच्या कामाच्या प्रवासातून जमलेले मैल काही खासदारांनी खाजगी प्रवासाला वापरले. त्यात ग्रेगोर गीझी हे बर्लिन राज्याच्या अर्थव्यवस्था खात्याचे मंत्री होते. त्यांनी ३१ जुलै २००२ ला राजीनामा दिला. मैलांसाठी मंत्रिपद सोडलं! अमेरिकेनं उलटा रस्ता धरला. २००१ च्या शेवटी तिथं कायदाच केला, की सरकारी कर्मचाऱ्यानं सरकारी प्रवासाचे मैल स्वतःकडे ठेवले तरी चालेल. मला तो कायदा पटत नाही, पण निदान जे आहे ते उघड आहे. आपल्याकडे कागदावर जर्मनी आणि व्यवहारात काय, ते कोणालाच दिसत नाही.

आता कॉमेंटमध्ये येणारी उत्तरं आधीच घेतो.

"अरे भाऊ, किरकोळ रक्कम आहे, सोड ना." किरकोळ असेल तर आकडा सांगायला लाज कसली? आणि आपल्या तलाठ्याकडं, ग्रामसेवकाकडं पन्नास रुपयांच्या पावतीचा हिशोब मागतात, तेव्हा ती रक्कम किरकोळ नसते का?

"मैल वैयक्तिक खात्यात असतात, सरकार काय करणार?" मैलांतून घरच्या माणसाचं तिकीट काढता येतं, पुढच्या सरकारी दौऱ्याचं काढता येत नाही काय? उलट, २०२२ पासून केंद्राच्या कर्मचाऱ्यांची सरकारी तिकिटं बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आयआरसीटीसी या तीनच एजंटांकडून काढायची आहेत, तीही स्वस्तात स्वस्त. कोण कधी कुठल्या विमानानं गेला, याची नोंद तीन ठिकाणी पडलेली आहे. करायचं मनात असेल तर एका महिन्याचं काम आहे.

"साहेबांना एवढं तरी मिळू द्या, दगदग असते." दगदग आशाताईंनाही असते. दुपारच्या उन्हात पोडावर पायी जाणाऱ्या आशाताईला कोणती कंपनी मैल देते?

आणि यात एक मोठा धोका लपलाय. गुण खर्चाच्या रकमेवर मिळत असतील, तर तिकीट जितकं महाग तितके मैल जास्त. स्वस्त विमान सोडून आपल्या मैलांचं विमान पकडायचा मोह होणारच. व्हिडिओ कॉलवर होणारी बैठक दिल्लीत घ्यायचा मोह होणारच. मी सगळ्यांना चोर म्हणत नाही. नियमानं चालणारे, मैलांच्या खात्याकडे ढुंकूनही न पाहणारे अधिकारीही असतीलच. पण कुंपणाला भगदाड ठेवून गुरांवर विश्वास ठेवणारा शेतकरी तुम्ही पाहिलाय का?

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत.

एक, केंद्राच्या प्रत्येक खात्यानं आणि सरकारी कंपनीनं वर्षातून एकदा आकडा जाहीर करावा: सरकारी प्रवासातून किती मैल जमले, किती वापरले, किती मुदत संपून बुडाले. नावं नकोत, म्हणजे "खाजगी माहिती" ही ढाल पुढं करता येणार नाही. बुडालेले मैलही आपलं नुकसानच आहे, हे लक्षात घ्या.

दोन, महाराष्ट्र सरकारनंही आपल्या मंत्री-अधिकाऱ्यांसाठी हाच नियम लेखी जाहीर करावा आणि त्याचा आकडा अधिवेशनात पटलावर ठेवावा.

तीन, खासदार-आमदार सरकारी नोकर नाहीत, म्हणून त्यांनी स्वतःहून पुढं यावं. आपला वणी मतदारसंघ चंद्रपूर लोकसभेत येतो. आपल्याच लोकप्रतिनिधींपासून सुरुवात होऊ द्या, पक्ष कोणताही असो.

चार, आणि हीच खरी: मैलांमुळे सरकारी तिकिटांचे जे पैसे वाचतील, ते दूरच्या तालुक्यांतल्या पेशंटांच्या प्रवासाला द्या. ज्याला डॉक्टर लिहून देईल त्याला विमान. ज्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, ज्याला पाय दुमडून बसता येत नाही, त्याला पुढची रुंद खुर्ची. ती खुर्ची कोणासाठी बनलीय, याचं याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

"विमान? झरीच्या पेशंटला?" असं कोणी हसेल. हसू द्या. यवतमाळचा विमानतळ २००९ साली एका खाजगी कंपनीला ९५ वर्षांच्या करारानं दिला गेला, आणि आजही तिथून प्रवासी विमान उडत नाही. अमरावतीहून २०२५ च्या एप्रिलमध्ये मुंबईचं विमान सुरू झालं. नागपूर तर आहेच. विमान आपल्या भागातही आहे, आपला माणूस त्यात नाही, एवढंच.

येत्या सोमवारी मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतोय. दहा रुपयांचा खर्च आहे. वर दिलेले तीन आकडे, तेवढेच विचारणार. तुम्हीही टाका. एका गावातून एक अर्ज गेला तर टेबलावर पडून राहतो, पन्नास गेले तर फाईल हलते. अर्जाचा मसुदा हवा असेल त्यानं कॉमेंटमध्ये "हिशोब" लिहा, पाठवतो.

उत्तर आलं की जसंच्या तसं इथंच टाकीन. तीस दिवसांत नाही आलं, तर तेही टाकीन.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कुठं चुकतंय ते सांगा, पण आकड्यानं सांगा.

#मैलांचा_हिशोब #मुकुटबन #झरीजामणी