नूतनीकरणाची पावती आणि रुग्णालयांची यादी

गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. इंदापूरच्या एका व्यापारी स्नेह्यांच्या पत्नीच्या छातीत पहाटे दुखू लागले. बारामतीच्या ज्या रुग्णालयात त्यांच्या घरातील दोन शस्त्रक्रिया रोख रक्कम न भरता पार पडल्या होत्या, तेथेच वहिनींना नेले. उपचार तत्काळ सुरू झाले; परंतु विम्याचे कार्ड पाहून खिडकीवरून उत्तर आले, ‘‘शेठजी, तुमच्या योजनेत आता आमचे रुग्णालय नाही. अनामत भरावी लागेल.’’ दिवस हंगामाचे, भांडवल मालात गुंतलेले. दुपारपर्यंत भावांनी मिळून रक्कम उभी केली. वहिनी बऱ्या झाल्या, दाव्याचे पैसेही अडीच महिन्यांनी मिळाले. परंतु त्या सकाळची धावपळ घर विसरलेले नाही.

चूक कोठे झाली? सामूहिक विमा हा व्यापारी संघ आणि विमा कंपनी यांच्यातील करार असतो आणि तो बहुधा दरवर्षी नव्याने होतो. त्या वेळी कंपनी बदलू शकते, दाव्यांचे काम पाहणारी मध्यस्थ संस्था, म्हणजे टीपीए, बदलू शकते. आणि त्यांच्याबरोबर रुग्णालयांची यादीही बदलते. सभासदाच्या हाती मात्र हप्त्याची पावती आणि नवे कार्ड एवढेच येते.

असे बदल नवे नाहीत. जुलै २०१० मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील चार विमा कंपन्यांनी मुंबई, दिल्ली, चेन्नई व बंगळूर येथे ठरावीक दर मान्य करणाऱ्या रुग्णालयांपुरतीच कॅशलेस सुविधा ठेवली. अनेक मोठी रुग्णालये यादीबाहेर गेली आणि रुग्णांना आधी पैसे भरावे लागले.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. रुग्णालय यादीतून गेले म्हणजे विमा संपला असे नव्हे. सामान्यतः पैसे आधी आपण भरायचे आणि नंतर बिले, तपासण्यांचे अहवाल व डिस्चार्ज कार्ड जोडून परत मागायचे. मात्र कंपन्यांची ‘वगळलेल्या रुग्णालयां’ची निराळी यादीही असते. तेथे तातडीचा प्रसंग सोडल्यास परतावाही नाकारला जाऊ शकतो. दोन्ही याद्या पाहाव्यात.

जानेवारी २०२४ पासून जनरल इन्शुरन्स कौन्सिलने ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’ ही सोय सुरू केली आहे. यादीबाहेरील रुग्णालयातही कॅशलेस मागता येते. त्यासाठी नियोजित उपचारापूर्वी किमान ४८ तास, आणि तातडीच्या वेळी दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत कंपनीला कळवावे लागते. रुग्णालयाची तयारी आणि कंपनीची मंजुरी मात्र हवी. आमच्या स्नेह्यांच्या घरी ही सोय कोणालाच ठाऊक नव्हती. तो एक फोन झाला असता, तर कदाचित भावांना रकमेसाठी धावावे लागले नसते.

म्हणून प्रत्येक घराने नूतनीकरणाच्या आठवड्यातच तीन कामे करावीत. घराजवळची दोन आणि पुण्यातील एक अशी रुग्णालये नव्या यादीत आहेत का, हे पाहावे. केवळ यादीवर न विसंबता रुग्णालयाच्या विमा विभागाला फोन करून खात्री करावी. कंपनीचा व टीपीएचा क्रमांक दुकानातील मुनीमजींपासून घरातील सुनेपर्यंत सर्वांच्या मोबाइलमध्ये असावा. कारण दुखणे येते तेव्हा शेठजी खरेदीसाठी बाहेरगावीही असू शकतात.

योजना चालवणाऱ्या कार्यकर्त्यांनाही एक विनंती. कोटेशन मागवताना हप्त्याच्या आकड्याशेजारी बारामती, इंदापूर, भिगवण व अकलूज येथील किती रुग्णालये मिळतात, हेही लिहून घ्यावे. हप्ता थोडा उतरला आणि जवळचे रुग्णालय गेले, तर तो सौदा नफ्याचा म्हणता येत नाही. आणि यादी बदललीच, तर सभासदांना ते पावतीबरोबरच लेखी कळवावे.

दिवाळीला नवी वही उघडताना मागील बाकी ओढल्याखेरीज आपण पहिली नोंद करीत नाही. विम्याच्या नव्या वर्षालाही तीच शिस्त लावू या.