छंद खासगी, वारसा कोणाचा?

एका करदात्याने १९८३ मध्ये २० हजार रुपयांना १९३१ सालची एक फोर्ड मोटार विकत घेतली आणि काही वर्षांनी ती २१ लाख रुपयांना विकली. या नफ्यावर प्राप्तिकर द्यावा लागेल काय, हा वाद तीन दशकांहून अधिक काळ चालला. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यावर करदात्याच्या विरोधात निकाल दिला. मोटार वैयक्तिक वापराची वस्तू असू शकते एवढे पुरेसे नाही, ती प्रत्यक्षात तशी वापरल्याचा पुरावा हवा, असा या निकालाचा आशय आहे. प्राप्तिकर कायद्याच्या चौकटीत तो तर्काला धरूनच आहे.

मात्र याच देशातील दुसरा एक नियम नेमकी उलटी अपेक्षा बाळगतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ‘विंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद केली. त्यानुसार अशी मोटार नेहमीच्या वापरासाठी अथवा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, विंटेज रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच तिला रस्त्यावर मुभा आहे. म्हणजे एक कायदा विचारतो की, मोटार वापरलीत कोठे? दुसरा बजावतो की, ती वापरू नका. दोन्हींची क्षेत्रे आणि काळ वेगळे असल्याने त्यांत थेट संघर्ष नाही, हे खरे. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. खासगी मालकीत असलेला, तरीही समाजाच्या इतिहासाचा भाग असलेला वारसा कोणत्या खात्यात मांडायचा, हे आपल्या व्यवस्थेने अजून ठरवलेले नाही.

संस्थानांतून संग्राहकांकडे

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगातील नामांकित मोटार कंपन्यांचे मोठे आश्रयदाते हिंदुस्थानातील संस्थानिक होते. शिकारीसाठी वेगळी मोटार, राज्यारोहणाच्या मिरवणुकीसाठी वेगळी, पडदानशीन राण्यांसाठी वेगळी, अशा मागण्या परदेशी कारागिरांपुढे ठेवल्या जात. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली, १९७१ मध्ये तनखेही बंद झाले आणि राजवाड्यांतील मोटारखाने ओस पडू लागले. ज्या वाहनांसाठी एकेकाळी स्वतंत्र नोकरवर्ग होता ती कवडीमोलाने विकली गेली, भंगारात गेली किंवा परदेशी ग्राहकांच्या हाती लागली.

या हानीचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे कोलकात्याची ‘स्वान कार’. तेथे राहणाऱ्या रॉबर्ट मॅथ्यूसन या इंग्रज गृहस्थाने १९१० च्या सुमारास इंग्लंडच्या ब्रूक कंपनीकडून हंसाच्या आकाराची मोटार बनवून घेतली होती. तिच्या चोचीतून गरम पाण्याचे फवारे उडत. रस्त्यावर इतकी घबराट उडाली, की पोलिसांना तिला मनाई करावी लागली, असे सांगतात. पुढे ती नाभा संस्थानच्या ताब्यात आली. आज ती नेदरलँड्समधील हेग शहराच्या लाउमन संग्रहालयात आहे. या संग्रहाची सुरुवात तेथील एका मोटार व्यावसायिकाने १९३४ मध्ये केवळ २० वर्षे जुनी डॉज मोटार जपून ठेवून केली होती. कोलकात्याचा इतिहास हेगमध्ये सुरक्षित राहिला, याचे श्रेय त्या खासगी छंदाला द्यावे लागते.

भारतात हे काम ज्यांनी अंगावर घेतले त्यांत मुंबईचे उद्योगपती प्राणलाल भोगीलाल यांचे नाव अग्रभागी आहे. ज्या काळात जुनी मोटार म्हणजे अडगळ समजली जाई, त्या काळात त्यांनी संस्थानिकांच्या वाड्यांतून मोटारी जमवल्या. अहमदाबादजवळ कठवाडा येथील दास्तान इस्टेटमध्ये ‘ऑटो वर्ल्ड’ या संग्रहालयात शंभराहून अधिक वाहने लोकांना पाहता येतील अशी मांडली. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले, त्यानंतरही संग्रहालय सुरू राहिले. हरियाणात तावडू येथे २०१३ मध्ये उघडलेले हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम आणि कोइम्बतूरचे २०१५ मधील जीडी कार म्युझियम हेही मूलतः खासगी पुढाकाराचेच फळ. हा वारसा टिकला त्यात सरकारी खात्यांचा वाटा अल्प आणि छांदिष्टांचा मोठा, हे मान्य करावेच लागेल.

या मोटारींशी सामान्य माणसाचे नाते नसते, असेही नाही. कोल्हापूरच्या दसरा चौकात सीमोल्लंघनाच्या सोहळ्याला छत्रपती घराण्याची जुनी ‘मेबॅक’ येते, तेव्हा ती पाहण्यासाठी होणारी गर्दी मोटारशास्त्राच्या अभ्यासकांची नसते. ती मोटार त्या शहराच्या स्मृतीचा भाग झालेली असते.

पन्नाशीची अट

या पार्श्वभूमीवर २०२१ च्या नियमांचे महत्त्व मोठे आहे. पन्नास वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले आणि सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न केलेले दुचाकी वा चारचाकी वाहन आता ‘विंटेज’ ठरते. नव्या नोंदणीसाठी २० हजार आणि फेरनोंदणीसाठी पाच हजार रुपये शुल्क आहे. नोंदणी दहा वर्षांसाठी असते. नव्याने नोंदलेल्या वाहनाच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, तर आधीपासून नोंदणी असलेल्यांना जुना क्रमांक राखता येतो. पूर्वी राज्याराज्यांत वेगवेगळी पद्धत असल्याने होणारा गोंधळ यामुळे कमी होण्याची वाट मोकळी झाली. २०२५ मध्ये आयातीचा नियमही याच निकषाशी जोडण्यात आला. १९५० पूर्वीच्या मोटारींपुरती असलेली सवलत पन्नाशी ओलांडलेल्या सर्व वाहनांना मिळाली.

तथापि खरी अडचण पन्नाशीच्या अलीकडे आहे. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करावी लागते. वीस वर्षांहून जुन्या मोटारीसाठी ऑगस्ट २०२५ पासून त्याचे शुल्क दहा हजार रुपये झाले आहे. दिल्ली परिसरात तर १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल वाहनांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केली होती. पुढे २०२५ मध्ये तिच्या अंमलबजावणीबाबतच्या आदेशांत फेरबदल झाले, तरी जुन्या वाहनांच्या मालकांच्या डोक्यावरील टांगती तलवार गेलेली नाही. थोडक्यात, पंधराव्या वर्षी मोटार म्हातारी ठरते आणि पन्नासाव्या वर्षी वारसा. मधल्या ३५ वर्षांत तिला भंगाराच्या दिशेने ढकलण्याकडेच धोरणाचा कल राहतो. जी वाहने त्या काळात टिकणारच नाहीत, ती पन्नाशी गाठणार कशी?

याचा फटका संस्थानिकांच्या रोल्स-रॉइसना बसत नाही, त्या केव्हाच पन्नाशीपार गेल्या आहेत. तो बसतो मध्यमवर्गाच्या मोटारींना. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून निघालेली ‘पद्मिनी’ हे त्याचे उत्तम उदाहरण. १९७४ ची पद्मिनी २०२४ मध्ये विंटेज ठरण्यास पात्र झाली. परंतु मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची होती. वीस वर्षांची मुदत संपताच ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून गेली. त्या वयाच्या मोटारीला विंटेज म्हणवून घेण्यासाठी २०५३ पर्यंत थांबावे लागेल. डिसेंबर १९८३ मध्ये पहिल्यांदा ग्राहकाच्या हाती पडलेली आणि लाखो कुटुंबांना मोटारमालक बनवणारी मारुती ८०० देखील २०३३ पूर्वी या व्याख्येत बसत नाही.

सरकारी वाहनांबाबत तर चित्र अधिकच विसंगत आहे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद झाले. प्रदूषणाच्या दृष्टीने निर्णय योग्य असला, तरी मंत्र्यांच्या अॅम्बॅसॅडरपासून एसटीच्या गाडीपर्यंत कोणतेही सार्वजनिक वाहन रस्त्यावर पन्नाशी गाठणार नाही, हाही त्याचा अर्थ होतो. स्वतःच्याच इतिहासाचे नमुने जपायचे झाल्यास सरकारला त्यासाठी वेगळा निर्णय घ्यावा लागेल.

जगाचा अनुभव

अन्यत्र ही दरी इतकी रुंद नाही. ऐतिहासिक वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या व्याख्येत किमान ३० वर्षांचे वय, मूळ स्वरूपाची जपणूक आणि दैनंदिन वाहतुकीसाठी वापर नसणे, या अटी आहेत. जर्मनीत १९९७ पासून तीस वर्षांवरील सुस्थितीतील मोटारींना वेगळी नंबरप्लेट आणि करसवलत मिळते. ब्रिटनमध्ये चाळिशी ओलांडलेल्या मोटारीला वाहनकर माफ आहे. भारतातही ३० वर्षांच्या टप्प्यावर एखादी मधली श्रेणी करता येईल. वर्षाकाठी ठरावीक किलोमीटरची मर्यादा घातली, तर प्रदूषणाचा आक्षेपही बऱ्याच अंशी निकालात निघतो. जुने इंजिन दर किलोमीटरला अधिक धूर सोडते हे नाकारता येत नाही. पण जे वाहन वर्षातून मोजक्याच वेळा बाहेर पडते, त्याला रोज धावणाऱ्या वाहनाच्या मापाने मोजणे सयुक्तिक नाही.

वयाच्या अटीइतकाच गंभीर प्रश्न संग्राहकानंतर काय, हा आहे. अमेरिकेत रीनो येथील कॅसिनोमालक विल्यम हॅरा यांनी सुमारे १,४०० मोटारी जमवल्या होत्या. १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले, कंपनी दुसऱ्या उद्योगाने घेतली आणि १९८४ ते १९८६ दरम्यान संग्रहाचा मोठा भाग लिलावात विकला गेला. दान दिलेल्या सुमारे १७५ मोटारींवर १९८९ मध्ये तेथे संग्रहालय उभे राहिले. फ्रान्समधील म्युलूजची कथा वेगळी आहे. तेथील लोकर गिरण्यांचे मालक श्लुम्फ बंधू यांनी बुगाटी मोटारींचा प्रचंड संग्रह एका जुन्या गिरणीत जवळजवळ गुप्तपणे केला. गिरण्या बुडाल्या, मालक स्वित्झर्लंडला गेले आणि मार्च १९७७ मध्ये संतप्त कामगार आत शिरले, तेव्हा शेकडो झगमगत्या मोटारी त्यांच्या दृष्टीस पडल्या. कामगारांनी दोन वर्षे त्या जागेचा ताबा ठेवला. फ्रेंच सरकारने १९७८ मध्ये संपूर्ण संग्रहाला ऐतिहासिक वारशाचा दर्जा दिल्याने तो विखुरला नाही आणि १९८२ मध्ये तेथे राष्ट्रीय संग्रहालय सुरू झाले. गिरण्यांच्या पडझडीची झळ सोसलेल्या मुंबईकरांना या कथेतील कडवटपणा समजावून सांगण्याची गरज नाही. एका माणसाच्या छंदामागे कोणाचा घाम असतो, हा प्रश्न तेथे उघडपणे विचारला गेला आणि त्याचे उत्तर म्हणून संग्रह लोकांचा झाला.

भारतीय नियमांत मोटार आहे, संग्रह नाही. नोंदणी एकेका वाहनाची होते. ती वाहने एकत्र का आली, कोणी दुरुस्त केली, कोणत्या घराण्याकडून मिळाली, याची कागदपत्रे जपण्याचे बंधन कोणावरही नाही. वारसांमध्ये वाटणी झाली, की इतिहासाचेही तुकडे पडतात. शिवाय संग्रहाबरोबर एक कारागिरीही उभी असते. पत्रा ठोकून हाताने मडगार्ड घडवणारे, लाकडी सांगाडा सांधणारे, न मिळणारा सुटा भाग लेथवर तयार करणारे मिस्त्री उस्तादाच्या हाताखाली शिकत आले. काम देणारा संग्राहक गेला, की पुढची पिढी या धंद्याकडे वळत नाही.

सर्वांत दुर्लक्षित राहतात त्या फारशा देखण्या नसलेल्या, पण आगळ्या मोटारी. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी जिद्दीने तयार केलेली ‘मीरा’ ही छोटी मोटार कारखानी उत्पादनापर्यंत कधी पोहोचली नाही. बंगळुरूची तीनचाकी ‘बादल’ बाजारात फार काळ तग धरू शकली नाही. लिलावात अशा वाहनांना राजेशाही मोटारींची किंमत येणार नाही. परंतु परवान्यांच्या काळात या देशातील माणसांनी काय करून पाहिले, हे रोल्स-रॉइसपेक्षा त्याच अधिक सांगतात.

हा श्रीमंतांचा षोक आहे, त्याला सार्वजनिक सवलत कशासाठी, असा प्रश्न विचारला जाईल आणि तो रास्त आहे. म्हणूनच सवलत बिनशर्त असू नये. जो संग्राहक आपल्या मोटारींची तपशीलवार नोंद सरकारदरबारी देईल, वर्षातील ठरावीक दिवस संग्रह विद्यार्थ्यांना आणि नागरिकांना खुला ठेवील आणि तो विश्वस्त संस्थेकडे सोपवील, त्यालाच कर आणि शुल्कात सूट द्यावी. जो केवळ नफ्यासाठी खरेदी-विक्री करील त्याने इतर व्यापाऱ्यांप्रमाणे कर भरावा. उच्च न्यायालयासमोर आलेल्या वादासारख्या प्रकरणांत छंद कोठे संपतो आणि धंदा कोठे सुरू होतो, याची रेषा त्यामुळे कागदावर तरी येईल. आज ती रेषा नसल्याने प्रामाणिक संग्राहक आणि सौदागर यांना एकाच मापाने मोजले जाते. आणि पंधरा ते पन्नास या वयातील मोटारी त्या निर्णयाची वाट न पाहता रोज भंगारवाल्याच्या दारात उभ्या राहत आहेत.