सम्यक वाचा म्हणजे गप्प बसणे नव्हे

पालम घ्या, गंगाखेड घ्या, जयंतीच्या मंचावर सत्तेतला पुढारी आला की शाल आणि हार तयारच. एखादा पोरगा माईककडे सरकला की ज्येष्ठ मंडळी कानात सांगतात, "बाळा, आपण बौद्ध. सम्यक वाचा पाळ." म्हणजे धम्म आम्हाला गप्प बसवण्यासाठी आहे काय?

मज्झिम निकायातले अभयराजकुमार सुत्त या मंडळींनी एकदा वाचावे. अभय हा मगधाच्या बिंबिसार राजाचा मुलगा. तथागत दुसऱ्याला न आवडणारे बोलतात का, असा पेच घालायला त्याला शिकवून पाठवले होते. हो म्हटले तरी अडकणार, नाही म्हटले तरी अडकणार. अभयच्या मांडीवर तान्हे मूल होते. तथागतांनी विचारले, याच्या तोंडात काडी किंवा खडा गेला तर काय करशील? तो म्हणाला, डोके धरून, बोट घालून काढीन, रक्त आले तरी. मला त्याची दया येते. तथागतांचे बोलणे तसेच. खोटे कितीही गोड असो, बोलायचे नाही. खरे पण निरुपयोगी, तेही नाही. खरे आणि हिताचे असेल तर ते कडू असले तरी वेळ पाहून बोलायचे. (व्हॉट्सअपवर खात्री न करता पुढे ढकलणाऱ्या आमच्या पोरांनाही हा नियम लागू आहे.)

"वेळ पाहून" म्हटले की आमच्या शहाण्यांना पळवाट सापडते. मग परभणीची वेळ कधी येणार होती? १० डिसेंबर २०२४ ला बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधान प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या धरपकडीतला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत गेला. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण आले. विधानसभेत मात्र मुख्यमंत्री पोलिसांच्या मारहाणीचा पुरावा नाही म्हणाले. सोमनाथची आई विजयाबाई थांबल्या नाहीत. ४ जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथेही ३० जुलैला हात हलवत परतले.

एका आईने राज्य सरकारला तोंडावर खोटे ठरवले, आणि आम्ही पुढाऱ्याला एक प्रश्न विचारताना घाम पुसतो!

येत्या १४ एप्रिलला शाल द्यायची तर द्या. पण त्याआधी माईकवर एवढे विचारा: साहेब, सोमनाथसाठी सभागृहात तुम्ही किती वेळा उभे राहिलात?