वेदना उतरली, सांध्याचे काय?

हळदीतील कर्क्युमिन, शल्लकीतील बोस्वेलिक आम्ले, आल्यातील जिंजेरॉल: रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या संदर्भात या संयुगांवरचे शोधनिबंध सतत येत आहेत. प्रयोगशाळेत ती टीएनएफ आणि आयएल-६ हे दाह वाढवणारे रेणू घटवतात, हाड कुरतडणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींना आवर घालतात. मात्र उंदरांवरच्या प्रयोगांत औषध पुष्कळदा सांधा सुजण्याआधी किंवा सुजताक्षणी सुरू होते. आपल्याकडचा रुग्ण कित्येक महिने अंगावर काढून येतो. शिवाय पोटातून घेतलेले कर्क्युमिन रक्तात जेमतेम पोहोचते.

पुण्यातील डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांची २००० साली प्रसिद्ध झालेली चाचणी म्हणूनच पुन्हा वाचावी. अश्वगंधा, शल्लकी, सुंठ आणि हळद यांच्या मिश्रणाची १८२ रुग्णांत, १६ आठवडे, प्लासिबोशी तुलना झाली. एसीआर-२० (किमान २० टक्के सुधारणा) या निकषावर औषध गटातील ३९ टक्के रुग्ण सुधारले. प्लासिबो गटातील ३० टक्के. नुसत्या प्लासिबोवर दहातले तीन सुधारत असतील, तर ‘माझ्या ओपीडीत गुण येतो’ हा पुरावा किती धरायचा?

वनस्पतीत दम नसतो, असा याचा अर्थ नाही. चीनमधील ट्रिप्टेरिजियम या वेलीचा अर्क २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या २०७ रुग्णांच्या, २४ आठवड्यांच्या चाचणीत मेथोट्रेक्सेट या रूढ औषधापेक्षा कमी पडला नाही आणि दोन्ही एकत्र दिल्यावर परिणाम आणखी वाढला. पण याच अर्काने पाळी बंद होते, शुक्राणू घटतात. ज्याला गुण आहे त्याला मात्रा आणि विषारीपणाही असतो. ‘नैसर्गिक’ म्हणून सूट मिळत नाही.

मुख्य मुद्दा मोजमापाचा आहे. सूज आणि ठणका उतरूनही हाडाची झीज चालू राहू शकते. ती दिसते हातापायांच्या एक्स-रेत, त्यावरून झीज मोजणाऱ्या शार्प गुणांकात, आणि त्यासाठी साधारण वर्षभराचा पाठपुरावा लागतो. १६ किंवा २४ आठवड्यांत ‘सांधा वाचला’ असे म्हणता येत नाही. संशोधकांनी प्रमाणित अर्क मेथोट्रेक्सेटच्या जोडीला देऊन, आरंभी आणि बारा महिन्यांनी एक्स-रे काढून उत्तर शोधावे.

तोपर्यंत दवाखान्यात तीन गोष्टी पाळता येतील. आजाराचे पहिले काही महिने मोलाचे असल्याने काढ्या-कॅप्सूलसाठी मेथोट्रेक्सेट थांबवू नये. रुग्ण आणखी काय घेतो, हे न रागावता विचारावे. कर्क्युमिनसोबत दिले जाणारे मिऱ्यातील पिपरिन इतर औषधांचे चयापचय मंदावू शकते. कर्क्युमिनच्या पूरकांमुळे यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. मेथोट्रेक्सेटवरील रुग्णाच्या यकृत-तपासण्या वाचताना हे ध्यानात असावे. आणि पहिल्याच भेटीत हातापायांचा एक्स-रे काढून ठेवावा. वैद्य असोत वा संधिवाततज्ज्ञ, वर्षाने आपापल्या उपचाराचा हिशेब तपासायला दोघांपाशी तोच आधार असेल.