बरणी आणि भट्टी

घरी बिअर करतो असं भारतात कुणाला सांगितलं की दोनच प्रतिक्रिया येतात. मित्र म्हणतात, "लेका, मजा आहे तुझी!" आणि काका-मामा मंडळी आवाज खाली आणून विचारतात, "म्हणजे... हातभट्टी?" मित्रांचं सोडा. मला भांडायचंय ते काका-मामांशी, कारण त्यांची जी गल्लत होते तीच आपल्या कायद्याने करून ठेवली आहे.

आधी आपल्या भाषेकडे बघा. इडलीचं पीठ आपण आंबवतो, आंबील आंबवतो. दारू मात्र गाळतात. पोलिसांच्या बातम्यांत जे "कच्चं रसायन" सापडतं, ते तापवायचं, वाफ थंड करायची, थेंब थेंब गोळा करायचा, हे झालं गाळणं. त्यालाच भट्टी लागते. बिअरला भट्टीच नाही हो! बिअर आंबवतात आणि तशीच पितात. आपल्या आज्यांना ठाऊक असलेला हा फरक विधानसभेला अजून कळायचाय.

मी इथे ऑरेगनमध्ये नेमकं काय करतो ते सांगतो, म्हणजे गूढ उरणार नाही. एका वेळी 5 गॅलन, म्हणजे 19 लिटर. मोठ्या टोपात पाणी तापवायचं, त्यात सुमारे 3 किलो माल्टचा अर्क विरघळवायचा. हा अर्क म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूचा काकवीसारखा दाट पाक. तो तासभर उकळायचा. सुरुवातीला 28 ग्रॅम हॉप्स, ही एका वेलीची कडवट फुलं, आणि शेवटी वासासाठी आणखी तितकीच. मी कॅस्केड जातीचे वापरतो. ही जात इथल्याच कॉर्व्हॅलिसच्या संशोधनातून तयार होऊन 1972 साली बाहेर पडली. मग सगळं 20 अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून, पाण्याने 19 लिटर भरून, त्यात यीस्टची एक पुडी टाकायची. विरजण लावताना दूध कसं कोमटच हवं, कढत दुधात विरजण मरतं, तोच हिशेब. बरणीला एअरलॉक लावायचा, म्हणजे आतला वायू बाहेर जातो आणि बाहेरची हवा आत येत नाही. दोन आठवडे हात लावायचा नाही. नंतर सुमारे 115 ग्रॅम साखर मिसळून बाटल्या भरायच्या आणि फेस धरायला आणखी दोन आठवडे थांबायचं.

दूधवाल्याच्या लॅक्टोमीटरसारखा एक हायड्रोमीटर मिळतो. सुरुवातीला तो 1.048 दाखवतो, शेवटी 1.012 वर येऊन थांबला की अल्कोहोल पावणेपाच टक्के. आकडा थांबायच्या आधी बाटल्या भरल्या तर त्या फुटू शकतात, म्हणून मोजायचं. बाकी सगळं काम घासण्या-धुण्याचं आणि निर्जंतुक करण्याचं. नवशिक्याला माझा सल्ला एवढाच असतो की चकचकीत यंत्रं घेऊ नकोस, आधी भांडी घासायला शीक.

"पण विषारी झाली तर?" हा पुढचा प्रश्न. जून 2015 मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, तेव्हा हा प्रश्न योग्यच आहे. पण त्या माणसांना मारलं मिथेनॉलने. नफ्यासाठी मिसळलेलं, औद्योगिक वापराचं रसायन ते. सातूच्या बिअरमध्ये मारण्याइतकं मिथेनॉल तयारच होत नाही. बिघडलेली बिअर आंबट होते, वास मारते, मोरीत ओतावी लागते. मालवणीचे बळी दाखवून बरणीला गुन्हेगार ठरवणं म्हणजे दुधात युरिया सापडला म्हणून घरच्या दह्यावर बंदी घालण्यासारखं आहे.

अमेरिका याबाबतीत फार शहाणी होती असंही नाही. 1933 साली दारूबंदी उठली तेव्हा घरगुती वाइनला मुभा मिळाली, बिअर मात्र राहून गेली. ही गफलत दुरुस्त व्हायला 45 वर्षं लागली! ऑक्टोबर 1978 मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली आणि एका प्रौढाच्या घराला वर्षाला 100 गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला 200 गॅलन बिअर करायची करमुक्त सवलत मिळाली. विकायची नाही. आणि दारू गाळायची परवानगी त्या कायद्याने दिली नाही. म्हणजे बघा, बरणी आणि भट्टी वेगळ्या आहेत हे कायद्यात लिहिता येतं. सगळी 50 राज्यं लाईनीवर यायला 2013 उजाडलं. आमच्या ऑरेगनमध्ये 2010 साली कुणीतरी कायद्याचा कीस पाडला, घरची बिअर घराबाहेर नेता येत नाही असं निघालं आणि राज्याच्या जत्रेतली स्पर्धा रद्द झाली. लोकांनी ओरड केली, 2011 मध्ये कायदा दुरुस्त झाला.

आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा अजून चालू आहे. प्यायला परवाना, करायला परवाना, आणि घरी पाच लिटर बिअर आंबवणारा नि टायरच्या ट्यूबमधून गावठी पोचवणारा एकाच कलमात. म्हणून स्पष्ट सांगतो, महाराष्ट्रात आज हे वाचून बरणी लावू नका. तुरुंगाची शिक्षा आहे.

आता खरा आक्षेप. दारूने घरं बुडाली आहेत, आणि गावोगाव "आडवी बाटली"साठी मतदान करणाऱ्या बायांनी ती बुडताना पाहिली आहेत. त्यांच्यापुढे मी मान खाली घालतो. पण त्यांच्या नवऱ्याला आज संध्याकाळी, खिशातल्या पैशात, झिंगायचं असतं. तो हायड्रोमीटर धरून चार आठवडे वाट बघत बसणार आहे का? त्याला रोखायचं तर ट्यूबवाल्याला आणि त्याच्या पाठीराख्यांना रोखा.

या बंदीने थांबतो तो शिकणारा. केन ग्रॉसमन हा कॅलिफोर्नियातला घरी बिअर करणारा पोरगा. त्याने 1980 साली सिएरा नेवाडा सुरू केली. सत्तरीच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत बिअर कंपन्या शंभरसुद्धा नव्हत्या, आज नऊ हजारांच्या वर आहेत, आणि कितीतरींची सुरुवात कुणाच्या तरी स्वयंपाकघरात झाली. पुण्यातही 2009 साली डूलाली निघाली, पुढे इतर आल्या, चांगलंच झालं. पण आपल्याकडे त्या धंद्यात शिरायचं तर आधी भांडवल आणि लायसन्स हवं. ज्वारी-नाचणीवर प्रयोग करून बघावेत असं सोलापूरच्या एखाद्या मुलीला वाटलं तर तिने ते कुठे करायचे?

मागणी मोठी नाही. एकवीस वर्षांवरच्या माणसाला वर्षाला शंभर लिटर, घरच्यापुरती, विक्री बंद, आणि गाळणं पूर्वीसारखाच गुन्हा. एका दुरुस्तीचं काम आहे.

असो. तुमचे आक्षेप जरूर लिहा, शिव्याही चालतील. फक्त "हातभट्टी" हा शब्द वापरण्याआधी घरात कुणा म्हाताऱ्या माणसाला आंबवणं आणि गाळणं यातला फरक विचारून या.